गिझर लहान नाही, शॉवर मोठा आहे

(वाचकांचे प्रश्न : गाडी, पाणी आणि वीज)

प्रश्न : निवृत्तीनंतर एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची फिरती खोली करून घेतली. दोन बर्थ, छोटा ओटा, मागच्या बाजूला न्हाणी. ८० लिटरची टाकी, १२ लिटरचा विजेचा गिझर आणि वर शॉवर. डिसेंबरात चिखलदऱ्याला मुक्काम केला. सौ.ची आंघोळ झाली आणि माझ्या डोक्याला साबण असतानाच पाणी बर्फ झालं. दुसऱ्या दिवशी नंबर बदलले, तर तीच गत तिची झाली आणि दिवसभर मला ऐकावं लागलं. गाडी बांधून देणारा म्हणतो, २५ लिटरचा गिझर टाका. टाकू का?
– निवृत्त शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : नका टाकू, गुरुजी. आधी घरातली २० लिटरची बादली त्या शॉवरखाली ठेवा, पंप सुरू करा आणि मोबाइलवर वेळ लावा. सव्वादोन मिनिटांत बादली भरली, तर तुमचा शॉवर मिनिटाला नऊ लिटर पाणी ओततो. बंगल्यातल्या न्हाणीघराचा शॉवर गाडीत बसवला की हेच होते. आयटीआयमध्ये पोरांना मी गिझर उघडायच्या आधी बादली लावायला सांगायचो. निम्मे गिझर उघडावेच लागत नसत.

आता गणित. तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगलं कराल, पण बाकीच्या वाचकांसाठी मांडतो. गिझरात १२ लिटर पाणी, ६० अंशांवर. पहाटे चिखलदऱ्याला टाकीतलं पाणी १२ अंश धरा. अंगाला सोसेल असं पाणी म्हणजे ४० अंश. १२ लिटर कढत पाण्यात साडेआठ लिटर विसण घातलं की साडेवीस लिटर तयार झालं. कागदावर. प्रत्यक्षात गिझरातून जेवढं गरम बाहेर येतं तेवढंच गार खालून आत शिरतं आणि शेवटचं पाणी नुसतं कोमट निघतं. म्हणून हाती १६ लिटर लागेल असं समजा. नऊ लिटरच्या शॉवरखाली १६ लिटर किती वेळ टिकणार? पावणेदोन मिनिटं. वहिनींचे केस भिजायलाच तेवढा वेळ लागतो, त्यांना बोल लावू नका.

२५ लिटरचा गिझर टाकला तर पावणेदोनची साडेतीन-पावणेचार मिनिटं होतील. म्हणजे दोघांचं तरीही भागणार नाही. दोन किलोवॅटच्या कॉइलवर १२ लिटर तापायला २० मिनिटं लागतात, २५ लिटरला ४० च्या वर. ८० लिटरची टाकी दोन दिवसांऐवजी एकाच दिवसात रिकामी होईल. आणि सांडपाण्याचं काय? चिखलदऱ्याच्या खाली सगळा मेळघाट आहे, १९७३-७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प. तिथे साबणाचं पाणी रस्त्याच्या कडेला सोडून देता येत नाही, ते गाडीतच साठवून खाली आणावं लागतं. जेवढं वर ओताल तेवढं खाली वागवाल.

तेव्हा गिझर तोच ठेवा, शॉवर बदला. हँडलवर बंद-चालूचं बटण असलेला, मिनिटाला चारेक लिटर सोडणारा हँड शॉवर घ्या. अर्धं मिनिट अंग भिजवा, दोन लिटर गेले. बटण बंद. आता साबण लावा, पाय घासा, स्तोत्र म्हणायचं तर म्हणा, पाण्याचा काटा थांबलेला आहे. मग दीड मिनिट धुवा, सहा लिटर. एकाला आठ, दोघांना सोळा. साबण लावताना हिव वाजेल हे खरं. न्हाणीचं दार आणि वरची झडप आंघोळ उरकेपर्यंत लावून घ्या, भिजवतानाची वाफ आत राहिली तर बराच फरक पडतो. केस धुवायच्या दिवशी मात्र हे गणित विसरा. त्या दिवशी वहिनींना अख्खा गिझर द्या, तुम्ही वीस मिनिटं चहा प्या.

पाणी बटणावर बंद करा, नळावर नाही. नळ फिरवून बंद केला की पुन्हा सुरू करताना गरम-गार जुळवण्यात लिटर-दीड लिटर असंच वाहून जातं. पण बटणाचीही एक खोड आहे. बटण बंद, पण भिंतीवरचे दोन्ही नळ उघडे, अशा वेळी दोन्ही पाणी जिथे मिसळतं त्या मिक्सरच्या पोटात गरम आणि गार लाइन एकमेकींना मिळतात. ज्या बाजूला दाब जास्त, ते पाणी दुसरीत घुसतं. बटण पुन्हा दाबलं की आधी गारठा, मग चटका. यावर इलाज म्हणजे मिक्सरच्या आधी दोन्ही लाइनींना एकेक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल्व्ह. कोणत्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. बसवताना बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः उभं राहून बघा. आणि गिझरची सेफ्टी वॉल्व्ह टपकते म्हणून तिला बूच मारणारे फिटर मी पाहिले आहेत, तुमच्या गाडीला तसला हात लागू देऊ नका.

तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक गाड्यांत गिझर एका टोकाला आणि न्हाणी दुसऱ्या टोकाला असते. चार मीटर अर्ध्या इंची पाइपात अर्धा लिटर गार पाणी उभं असतं. ते मोरीत सोडायचं नाही. खाली गडवा धरा, दात घासायला होतं. पाइपाला फोमची नळी चढवा, आणि दोघांच्या आंघोळी लागोपाठ करा. मध्ये पेपर वाचत बसलात तर तोच अर्धा लिटर पुन्हा गार.

विजेचं थोडं. दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. लॉजवाल्याने खिडकीतून दिलेल्या ६ अँपिअरच्या बोर्डावर तो लावू नका, १६ अँपिअरचं पॉइंट मागा. पत्र्याची गाडी, ओलं अंग आणि खेड्यातलं अर्थिंग, म्हणून गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. पाणी तापलं की गिझर बंद करून मगच न्हाणीत शिरा. बॅटरीवर तापवायचा विचार सोडा. १२ लिटर पाणी १२ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६७ युनिट लागतं, इन्व्हर्टरची गळती धरून ०.८. गाडीत १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी असेल, तर ती कागदावर १.८ युनिट देते आणि तिची तब्येत राखायची तर त्यातलं निम्मंच वापरायचं असतं. एका गिझरात बॅटरी आडवी होईल आणि रात्री पंखा नाही, दिवा नाही.

दर्यापूर म्हटल्यावर आणखी एक सांगायलाच हवं. तुमचा खारपाणपट्टा. त्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आला तर अंगाची चिकट जात नाही, आणि आठ लिटरच्या जागी बारा लागतात. वर तेच पाणी तापवलं की कॉइलवर क्षाराचा थर बसतो, त्यातून उष्णता पाण्याला पोचायला वेळ लागतो आणि कॉइल जळते. गाडीची टाकी घरच्या बोअरवर भरू नका. शहानूर धरणाच्या नळाचं पाणी येत असेल तर ते भरा, नाहीतर रिकामी न्या आणि परतवाड्याला भरा. उन्हाळ्यात गाडी उभी राहणार असेल तेव्हा गिझर पूर्ण रिकामा करून ठेवा. कोमट, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. पुन्हा वापरायच्या वेळी पहिला भरणा ६० अंशांपर्यंत तापवून सोडून द्या.

आणि शॉवरच कशाला? चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. तरीही चार लिटर उकळत्या पाण्यात आठ लिटर विसण घातलं की ४० अंशांची बारा लिटरची बादली तयार होते. गॅस लागतो ५०-६० ग्रॅम. बादली, मग आणि बसायला पाट. मी स्वतः हेच करतो. पण तुम्ही हौसेने शॉवर बसवला आहे, तर तो वापरा.

ऊन फुकट आहे, तेही वापरा. काळा २० लिटरचा कॅन अकरा ते चार टपावर ठेवला, तर हिवाळ्यातही पाणी गिझरचं निम्मं काम करून ठेवतं. फक्त आंघोळ संध्याकाळी करावी लागते. गावात पहाटेची आंघोळ सोडवत नाही हे मला कळतं, पण प्रवासात देव तेवढं समजून घेतो. (मे महिन्यात तुमच्याकडे उलट प्रश्न येईल. टाकीतलं पाणी गार कसं करायचं, ते तेव्हा विचारा.)

न विचारता एक सांगतो, कारण कोणीतरी तुम्हाला सुचवेलच : आतल्या न्हाणीत गॅस गिझर नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साचतो. जळताना हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीत माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. शिवाय पाणी बंद-चालू करणाऱ्याला तो जमतच नाही. बटण दाबलं की ज्योत विझते, पुन्हा पेटेपर्यंत मधलं पाणी गारच येतं.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. यंदा आम्हा दोघांना बोलावलं आहे, आणि आर.व्ही. भाड्याने घेऊन येलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायला जायचं म्हणतो. ती गाडी म्हणे घरासारखीच असते. तिथे आंघोळीला गरम पाणी पुरतं का? बादली मिळते का? ह्यांना गार पाणी चालत नाही.
– गृहिणी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : काकू, त्या गाड्यांत साधारण सहा गॅलनचा, म्हणजे २३ लिटरच्या आसपासचा हीटर असतो. मोठ्या गाडीत दहा गॅलनचा. तो गॅसवर चालतो, पण त्याची ज्योत बंद पेटीत असते आणि धूर थेट गाडीबाहेर जातो, म्हणून वर गुरुजींना दिलेली तंबी तिथे लागू नाही. काकांची आंघोळ आधी उरकून घ्या, वीसेक मिनिटं थांबा, मग तुमची.

तिकडे घरातल्या शॉवरला कायद्यानेच मिनिटाला अडीच गॅलनची मर्यादा आहे, म्हणजे साडेनऊ लिटर. तेवढ्याने तुमचे २३ लिटर बघता बघता संपतील. म्हणून गाडीत राहणारी तिकडची माणसं ‘नेव्ही शॉवर’ घेतात : भिजा, बंद करा, साबण लावा, धुवा. जहाजावर गोडं पाणी मोजकं असायचं, तिथून आलेली पद्धत.

मुलाला बुकिंगचं एक विचारा. येलोस्टोनच्या आत पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडून देणारी जागा एकच आहे, फिशिंग ब्रिज आर.व्ही. पार्क. बाकी कँपग्राउंडवर गाडीच्या टाकीत असेल तेवढ्यावर भागवायचं. काही ठिकाणी पैसे देऊन आंघोळीची वेगळी सोय मिळते, तिथे काकांना मनसोक्त गरम पाणी घेऊ द्या. त्या भागात जुलैतही रात्री थंडी असते, स्वेटर न्या. वापरलेलं पाणी जमिनीवर सोडायला तिथे बंदी आहे, ते ठरलेल्या जागीच रिकामं करतात.

बादली तिथल्या दुकानात मिळेल. पाणी घ्यायचा मग मात्र मिळेलच असं नाही, प्लॅस्टिकचा एक बॅगेत टाका, वजन होत नाही.

प्रश्न : संत्र्याच्या तोडीला बागेतच गाडीत मुक्काम असतो. शेतीची लाइन रात्री येते आणि पहाटे जाते. रात्री गिझर तापवून ठेवला तर सकाळी पाणी गरम मिळेल का?
– संत्रा व्यापारी, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : मिळेल, भाऊ, पण झोपताना नाही, लाइन जायच्या आधीच्या अर्ध्या तासात तापवा. त्यानंतर पाण्याचा पंप बंद ठेवा. आंघोळीच्या आधी कोणी हात धुवायला एक गडवा गरम पाणी काढलं की तेवढंच गार पाणी गिझरात शिरतं.

याहून मोठी बचत तुमच्या बोअरमध्ये आहे. आपल्याकडे खोल जमिनीतलं पाणी बारा महिने २५-२६ अंशांच्या आसपास असतं, हिवाळ्यात त्याला वाफ दिसते ती त्यामुळेच. तुमची टाकी संध्याकाळी भरून रात्रभर टपावर थंड होत असणार. ती पहाटे लाइन असतानाच बोअरवरून ताजी भरा. विसण २६ अंशांचं मिळालं तर १२ लिटर कढत पाण्याचं कागदावर २९ लिटर होतं, म्हणजे तुमच्यासोबतच्या माणसांचीही आंघोळ होईल. लाइन असेल आणि वेळ जुळत असेल, तर एखादा दिवस थेट मोटारीच्या धारेखालीच बसून बघा.