नवीन गेमिंग पीसी जोडायचाय, पार्ट कसे निवडू?

आधी मॉनिटर ठरवा. रिझोल्यूशन (स्क्रीनवरच्या चित्राची बारकाई) १०८०पी की १४४०पी, त्यावरच ग्राफिक्स कार्ड ठरतं, आणि बजेटचा मोठा वाटा तिथेच जाऊ द्या. प्रोसेसर एएमडीच्या रायझन ५ ७६०० सारखा सहा कोअरचा पुरतो. निव्वळ गेमिंगसाठी इंटेलचा महागडा आय९ म्हणजे उधळपट्टी. ७६०० ला एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा) मदरबोर्ड लागतो, उदाहरणार्थ बी६५० चिपसेटचा. त्यावर फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम चालते, घरातली जुनी डीडीआर४ रॅम बसणार नाही. रॅमच्या दोन स्टिक घ्या, १६-१६ जीबीच्या. एकीवर ड्युअल चॅनल (दोन स्टिक एकत्र चालून मिळणारा जादा वेग) मिळत नाही. एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये) मात्र कंजूषी नको. कॅबिनेटसोबत फुकट येणारा तर दुकानातच ठेवा! मध्यम कार्डाला चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कार्यक्षमतेचा दर्जा) भागतो. आणि हो, कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, तेवढं बघा.