लिटर नंतर, आधी पाठ मोजा

सॅक कुठली घ्यावी, या प्रश्नात बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी असतात: किती लिटरची आणि किती रुपयांची. पाठीचं माप क्वचितच कुणी कळवतं. वाचकांच्या प्रश्नांपैकी या वेळी निवडलेल्या पाचांना उत्तरं देताना मी पुन्हा पुन्हा तिकडेच वळणार आहे.

प्रश्न: हिवाळ्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचंय. पहिलाच मुक्कामी ट्रेक. दुकानदार म्हणतो, एकदाच 60 लिटरची घ्या, हिमालयातही चालेल. घेऊ का? (ठाणे)

नका घेऊ. तंबू, स्टोव्ह, चार-पाच दिवसांचा शिधा असं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणाऱ्याची ती सॅक. तुम्ही एक रात्र राहणार. गडावर पायथ्याच्या पाचनई गावची मंडळी पिठलं-भाकरी करून देतात, त्यामुळे शिधाही न्यायचा नाही. आणि मोठी सॅक कधी रिकामी राहत नाही. घरातून कुणीतरी म्हणतंच, ‘जागा आहे ना, मग ही चादर पण टाक.’ तीच चादर टोलार खिंडीच्या चढावर जड होते.

सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी सामान सतरंजीवर मांडा: स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट (अंगाखाली घालायची गुंडाळीची फोमची चटई), जाड स्वेटर, कानटोपी, एक जोडी कपडे, टॉर्च, ताट-पेला, सुका खाऊ, औषधं, पाण्याच्या बाटल्या. हे सगळं दुकानात घेऊन जा आणि तिथेच भरून बघा. बहुतेकांचं 40 ते 45 लिटरमध्ये मावतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर 20 ते 25 पुरे. हिमालयातल्या आयोजित ट्रेकमध्ये तंबू आणि जेवण बहुधा आयोजकांचंच असतं, तिथेही 50 च्या आसपास भागतं.

वजनात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा. लिटरला एक किलो, त्यात काटकसर नाही. एप्रिल-मेमध्ये गडांवरची टाकी आटतात, तेव्हा चार लिटर घेतलं तर चार किलो तिथेच झाले. एकूण भार स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा, पहिल्या वेळी त्याहूनही कमी.

कॅरीमॅट सॅकला आडवी बांधू नका. राजगडाहून तोरण्याला जाताना माझी आडवी मॅट कारवीच्या झुडपांत अडकली, नेमका घसाऱ्यावर पाय टाकत होतो तेव्हा. सॅकने मागे खेचलं, मागच्याने हात दिला म्हणून सावरलो. तेव्हापासून मॅट उभी, बाजूच्या पट्ट्यांत घट्ट.

प्रश्न: माझी उंची पाच फूट. भावाची 50 लिटरची चांगली सॅक वापरते, पण दोन तासांत खांदे भरून येतात. गादीचे पट्टे असूनही असं का? (नाशिक, विद्यार्थिनी)

कारण ती सॅक तुझ्या भावाच्या पाठीची आहे. दोष पट्ट्यांचा नाही, लांबीचा आहे.

घरच्या कुणाला तरी शिंप्याचा टेप घेऊन मागे उभं कर. मान खाली घातलीस की मानेच्या तळाशी एक हाड ठळक वर येतं, टेपचं एक टोक तिथे. आता दोन्ही हात कमरेवर असे ठेव की पंजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील आणि अंगठे मागे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जिथे छेदते, तिथे टेपचं दुसरं टोक. हे अंतर म्हणजे तुझ्या पाठीचं माप. समज, ते 41 सेंटीमीटर आलं आणि भावाची सॅक 48 ची असली, तर तिचा कमरपट्टा तुझ्या कमरेच्या हाडाखाली घसरणार आणि सगळा भार खांद्यांवर येणार. तुला होतंय ते हेच.

उंचीवरून हे माप कळत नाही. उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. एस, एम, एल या अक्षरांवरही विसंबू नकोस, प्रत्येक कंपनीचं माप निराळं. सेंटीमीटरच विचार. पाठ वर-खाली सरकवता येणारी सॅक मिळाली तर उत्तम. बायकांसाठीच्या सॅकची पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे जवळजवळ असतात, तीही घालून बघ.

दुकानात सात-आठ किलो भरायला लाव. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घे. आधी कमरपट्टा, त्याचा मध्य कमरेच्या हाडावर बसवून घट्ट. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. आता खांद्याचे पट्टे जरा सैल सोड. सॅक कमरेवर टिकून राहिली तर ती तुझी. पंधरा मिनिटं दुकानात फिर, जिना असेल तर चढ-उतर कर. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

प्रश्न: रेनकव्हर असूनही पावसाळी ट्रेकला कपडे भिजतात. वॉटरप्रूफ सॅक घ्यावी का? (कोल्हापूर)

गरज नाही. कव्हर पाठीची बाजू झाकत नाही, पाणी मानेवरून ओघळून तिथूनच आत झिरपतं. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात कव्हर उडतं ते वेगळंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सामान तिच्यात, तोंड पिळून खाली दुमडा. कव्हर चिखलापुरतं राहू द्या.

प्रश्न: मुलीकडे जर्मनीला जाणार आहोत, तिथून आसपास फिरू. ट्रेकची 50 लिटरची सॅक नेऊ का, की चाकांची बॅग? (पुणे, निवृत्त दांपत्य)

मुलीकडे पोचेपर्यंत चाकांची बॅग, पुढच्या फिरण्यासाठी छोटी सॅक. विमानात सोबत ठेवायच्या बॅगेचं एक नेहमीचं माप 55 × 35 × 25 सेंटीमीटर. गुणाकार केलात तर साधारण 48 लिटर होतात, त्यामुळे 50 ची सॅक चेक-इनलाच जाईल. युरोपातल्या स्वस्त विमानांच्या साध्या तिकिटात तर बहुधा सीटखाली मावेल एवढीच बॅग नेता येते. ट्रेकची सॅक वरून उघडते, तळातला मोजा काढायला सगळं उपसावं लागतं. प्रवासासाठी सूटकेससारखी पूर्ण उघडणारी घ्या, दोघांना 30-30 लिटरच्या पुरतील. मापं आणि वजनं तिकिटावर वाचूनच भरा.

प्रश्न: वडील 64 वर्षांचे. यंदा प्रथमच आळंदी ते पंढरपूर पायी जाणार. मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाईल. त्यांना कुठली सॅक देऊ? (सातारा)

12 ते 15 लिटरची, हलकी, छातीला पट्टा असलेली. टाळ हाती असताना पट्टे सारखे सावरता येत नाहीत. पाण्यासकट भार तीन किलोंच्या आत ठेवा. पुणे-सासवड हा वारीतला सगळ्यात लांब टप्पा, त्यात दिवेघाट चढायचा. त्या दिवशी पाठीवर जादा काही नको.

पाण्याची बाटली, पावसाचा कागद, पंचा, राजगिऱ्याचे लाडू आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी एवढं पुरे. रोजची औषधं मात्र ट्रकमध्ये कधीच टाकू नका, मुक्कामाला ट्रक उशिरा पोचला तर रात्रीची गोळी चुकते. वळकटीवर नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक पक्क्या शाईने लिहा.

आणि सॅक निघायच्या आदल्या दिवशी हाती देऊ नका. महिनाभर आधी आणा, सकाळच्या फेरीला बाटली भरून पाठीवर घ्यायला सांगा. काखेत पट्टा काचतो की नाही हे तिथेच कळेल, आणि काचत असेल तर बदलायला वेळ असेल.