कृषी सल्ला : घरच्या उबवणी यंत्रात पाणी किती ठेवावे?

या महिन्यात एकाच विषयावरचे दोन प्रश्न आले. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

लांजा तालुक्यातील एका ताईंचा प्रश्न : "जुलैमध्ये थर्मोकोलच्या पेटीत 30 गावरान अंडी ठेवली होती. माहितीपत्रकात 60 टक्के ओलावा ठेवा म्हटलं होतं, म्हणून पाण्याचा ट्रे पहिल्या दिवसापासून भरलेला ठेवला. नऊच पिल्ले निघाली. त्यांतली काही पोट फुगलेली, चिकट. बाकीची अंडी फोडली तर पूर्ण वाढलेली पिल्ले आत मेलेली, आणि पाणी पाणी."

वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी दादांचा : "जानेवारीत अंडी लावली. सकाळी धुकं, हवेत भरपूर ओल, म्हणून पाणी थोडंच ठेवलं. पिल्लांनी कवचाला भोक पाडलं, पण पुढे फिरताच आलं नाही. आतला पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लाला चिकटला होता."

दोघांनीही न निघालेली अंडी फोडून आत काय आहे ते पाहिले, हे फार चांगले केले. उबवणी कुठे बिघडली हे तिथेच समजते. ताईंच्या अंड्यांतून पाणी कमी उडाले आणि दादांच्या अंड्यांतून जास्त.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पिल्लाला प्राणवायू मिळतो आणि आतले पाणी हळूहळू बाहेर उडते. जितके पाणी उडते, तितकी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. पिल्लू कवच फोडण्याआधी याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. पोकळी लहान राहिली तर श्वासाला जागा नाही आणि भोवती ओल जास्त, म्हणून पिल्लू आतल्या आत गुदमरते. पोकळी फार मोठी झाली तर पिल्लू अशक्त होते आणि पापुद्रा चामड्यासारखा चिवट होतो. पहिल्या 18 दिवसांत अंड्याचे वजन 11 ते 14 टक्क्यांनी घटावे लागते. आर्द्रता सांभाळायची ती एवढ्यासाठी.

आता धुक्याने दादांना फसवले कसे, ते पाहू. पावसाळ्यात आपण ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत घालतो. बाहेर तीच दमट हवा असते, तरी कपडे वाळतात, कारण हवा तापली की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते. पेटीतही हेच होते. वर्ध्याची 12 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची सकाळची हवा पेटीत 37.5 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता उरते जेमतेम 15 टक्के. लांज्यातली 26 अंशांची, 90 टक्क्यांची हवा तेवढीच तापवली तर 47 टक्के उरते. पहिल्या 18 दिवसांत साधारण 45 ते 55 टक्के हवी असते. म्हणजे ताईंची पेटी पाण्याच्या थेंबाशिवायही गरजेइतकी दमट होती आणि दादांच्या पेटीला ट्रे काठोकाठ भरला तरी कमी पडले असते. म्हणूनच सगळ्या जिल्ह्यांना, सगळ्या ऋतूंना एकच आकडा देणारे माहितीपत्रक मला धोक्याचे वाटते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांतही जानेवारीसारखाच हिशेब धरा. दुपारची हवा तेव्हा भयंकर कोरडी असते.

आर्द्रता दाखवणाऱ्या मीटरपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा, असे मी दोघांनाही सांगेन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरे. अंडी लावताना दहा अंड्यांवर त्यांचे वजन पेन्सिलीने लिहा. शाईचे पेन नको. समजा दहांचे मिळून 500 ग्रॅम भरले. सातव्या दिवशी ते 477 च्या आसपास, चौदाव्या दिवशी 453 आणि अठराव्या दिवशी 440 ग्रॅम भरले पाहिजे. शेवटचा आकडा 430 ते 445 मध्ये असला तरी काळजी नाही. सातव्या दिवशी टॉर्चवर पाहताना एखादे अंडे रिकामे निघाले तर काढून टाका आणि त्याचे लिहिलेले वजन हिशेबातून वजा करा.

सातव्या दिवशी काटा 488 दाखवत असेल तर पाणी उडण्याचा वेग निम्माच आहे. ट्रे रिकामा करा आणि हवेची छिद्रे पूर्ण उघडा. 465 असेल तर पाणी वाढवा. महत्त्व 18 दिवसांच्या एकूण घटीला आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली चूक दुसऱ्या आठवड्यात भरून काढता येते. टॉर्चवर हवेची पोकळी दर आठवड्याला वाढलेली दिसते. तिच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून ठेवली तर फरक नजरेत भरतो.

पाणी वाढवायचे म्हणजे खोली वाढवायची, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ओलावा ठरतो पाण्याच्या पसरटपणावर. पेलाभर खोल पाण्यापेक्षा ताटलीतले बोटभर पाणी कितीतरी जास्त वाफ देते. वर्ध्याच्या दादांनी दोन पसरट ताटल्या ठेवाव्यात आणि त्यांत स्वच्छ स्पंजचे तुकडे उभे करावेत. पाणी घालताना कोमट घाला. गार पाण्याने पेटीचे तापमान उतरते. पेटी खिडकीजवळ किंवा पंख्याखाली नको, आतल्या खोलीत ठेवा. लांज्याच्या ताईंनी पावसाळ्यात पहिले 18 दिवस ट्रे कोरडाच ठेवून पाहावा आणि सातव्या दिवशी काटा काय म्हणतो त्यावर पुढचे ठरवावे.

शेवटचे तीन दिवस मात्र दोघांसाठी नियम एकच : आर्द्रता 65 ते 70 टक्के. आता पाणी उडवायचे नसते, पापुद्रा मऊ ठेवायचा असतो. दिवस मोजताना पूर्ण 24 तास झाल्यावर पहिला दिवस धरा. सोमवारी संध्याकाळी अंडी लावली तर पुढच्या आठवड्यातल्या नव्हे, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी 18 दिवस पुरे होतात. तेव्हा अंडी फिरवणे बंद करा, सगळे ट्रे भरा आणि झाकण लावा. त्यानंतर झाकण उघडायचे नाही. कळकळीने सांगतो, कारण पहिले पिल्लू चिवचिवले की घरातली मुले झाकण उघडतात, मोठ्यांनाही राहवत नाही. उघडले की दमट हवा क्षणात निघून जाते आणि ज्या पिल्लांनी कवचाला टोचा मारला आहे त्यांच्या अंगावर पापुद्रा आवळतो. निघालेले पिल्लू दिवसभर आतच राहिले तरी चालते. पोटातल्या बलकावर ते तेवढा वेळ सहज काढते.

ओलावा टिकावा म्हणून हवेची छिद्रे बुजवू नका. शेवटच्या दिवसांत पिल्लांना सर्वांत जास्त प्राणवायू लागतो. छिद्रे उघडी ठेवूनही ओल टिकत नसेल तर पाण्याचा पसारा वाढवा.

मीटर खरा की खोटा, हे मिठाने तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थोडे पाणी घाला. मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळू नये. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दिसले पाहिजे. 68 दिसले तर तुमचा मीटर सात टक्के कमी दाखवतो. रोजच्या आकड्यात सात मिळवत चला. पेटीत मीटर आणि तापमापी अंड्यांच्या वरच्या पातळीवर ठेवा. पंखा नसलेल्या पेटीत तापमान या पातळीवर 38.3 ते 38.8 अंश हवे. पंखा असेल तर 37.5.

दादांनी शेवटी विचारले होते : अडकलेले पिल्लू हाताने सोडवावे का? टोचा मारल्यापासून बाहेर येईपर्यंत 12 ते 24 तास लागणे स्वाभाविक आहे. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पापुद्र्याच्या शिरांतले रक्त आत जात असते. घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होऊन पिल्लू जाते. 24 तास उलटले आणि पापुद्रा पिवळट, कडक दिसत असेल तरच कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने तो ओला करा आणि बोथट टोकाकडचे कवच थोडे थोडे काढा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबून अंडे पेटीत परत ठेवा आणि काही तासांनी पुन्हा पाहा.