डब्ब्यात बुडालो आणि आता चेक बाउन्सची नोटीस आलीय, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरकडचे एक वाचक ओळखीतल्या माणसाकडे शेअरचा डब्बा (म्हणजे एक्स्चेंजबाहेर, शेअरच्या भावावर परस्पर लावलेली पैज) खेळत होते, मोबाईलवर आयडी-पासवर्ड, दर शनिवारी रोखीत हिशोब, आणि सुरुवातीलाच सही केलेले दोन कोरे चेक देऊन बसले. साडेचार लाख अंगावर आल्यावर त्याने एका चेकवर सहा लाख लिहून बँकेत टाकला, तो परत गेला, आणि आता 'हातउसने घेतलेले पैसे द्या' म्हणून वकिलाची नोटीस. डब्बा बेकायदाच आहे ना, मग नोटीस फाडून टाकली तर चालेल का, असं ते विचारतात.

नाही चालणार हो! फाडू तर नकाच, ती कोणत्या तारखेला हातात पडली ते आधी लिहून ठेवा, कारण तिथून पैसे भरायचे १५ दिवस मोजले जातात आणि त्यानंतरच्या एका महिन्यात तो चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची केस टाकू शकतो.

डब्बा बेकायदा आहे हे खरंच. तुमचा एकही सौदा एनएसई किंवा बीएसईवर गेलेला नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकर देतो ती सौद्याची पावती) नाही, स्क्रीनवरचा भाव तेवढा खरा, बाकी तुमचा तोटा तोच त्याचा नफा. कॉन्ट्रॅक्ट कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचे पैसे वसूल करता येत नाहीत, आणि आपल्याकडे १८६५ चा जुना मुंबई कायदा आहे त्यामुळे पैजेच्या हिशोबापोटी केलेले पुढचे करारसुद्धा टिकत नाहीत.

पण नोटिशीत डब्ब्याचा 'ड' सुद्धा नाही, तिथेच खरी मेख आहे. सही तुमची म्हटल्यावर चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट चेकच्या त्याच कायद्याच्या कलम १३९ खाली धरून चालतं, चेक कोरा होता एवढ्याने सुटका नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या बीर सिंग निकालात ते सांगून ठेवलंय. खोडून काढायचं काम तुमचं. मात्र त्याच वर्षीच्या बसलिंगप्पा निकालाचा तुम्हाला उपयोग होईल, सहा लाख उसने द्यायची ऐपत होती का, पैसे आणले कुठून, हे त्याला विचारता येतं आणि डब्बेवाल्यांची तिथेच तंतरते.

आता कडू भाग. १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात कलम २३ खाली दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि त्यात नुसता डब्बा चालवणारा नाही, असा सौदा करणाराही सापडू शकतो. म्हणून उत्तर स्वतः व्हॉट्सअॅपवर खरडू नका, वकिलाकडूनच जाऊ दे. माझं मत विचाराल तर खरी हकीकत सांगावी, नुसतं 'कर्ज घेतलंच नाही' म्हटलं तर चेक त्याच्याकडे गेला कसा याला उत्तर राहत नाही, पण कोणतं वाक्य कसं लिहायचं ते कागद बघूनच ठरेल.

घाबरून चॅट डिलीट करू नका बरं का. शनिवारच्या हिशोबाचे मेसेज, व्हॉइस नोट, त्या अॅपचे स्क्रीनशॉट सगळं ठेवा, आणि मूळ फोनही, कारण असा मोबाईलवरचा पुरावा द्यायला कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. सेबीकडे तक्रार करून पैसे परत मिळतील ही आशा सोडा, एक्स्चेंजचा संरक्षण निधी डब्ब्याला नाही. वसुलीला माणसं घरी आली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, आणि भीतीपोटी रोख रक्कम हातावर ठेवू नका, त्याची पावती कोणी देणार नाही.

दुसरा चेक अजून त्याच्याकडेच आहे. उद्याच बँकेत लेखी कारण देऊन स्टॉप पेमेंट करा आणि अर्जावर पोच घ्या. तेवढ्याने १३८ टळेलच असं नाही, पण त्याने चेक टाकायच्या आधीच तुम्ही हरकत घेतली होती याचा कागद हातात राहील.