जर्मन बास्केटबॉलपटू डर्क नोवित्स्कीच्या नावावर एनबीएचं (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं) एकच विजेतेपद, मग त्याला एवढा मोठा का मानतात?

एकच, हे खरंय. पण नुसती विजेतेपदं मोजायची म्हटली तर राखीव बाकावर बसून दोन-तीन मिळवलेलेही सापडतील. मी डर्कची गोष्ट ते विजेतेपद मिळालं त्या 2011 पासून नाही, 2007 पासून सांगतो.

त्या सीझनला त्याच्या डॅलस संघाने 82 पैकी 67 सामने जिंकले आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवलं. हरल्यावर डर्कने ओकलंडमध्ये, गोल्डन स्टेटच्याच स्टेडियममध्ये, कचऱ्याचा डबा उचलून भिंतीवर भिरकावला. भिंतीला भोक पडलं. ते कुणी बुजवलं नाही, उलट पुढे त्यावर त्याची सही घेतली! सीझनचा सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार त्याला मिळाला तो यानंतर, संघ बाहेर पडल्यावर. त्याच्या आदल्या वर्षी तर सात सामन्यांच्या अंतिम फेरीत (चार जिंकेल तो विजेता) मायामीविरुद्ध 2-0 अशी आघाडी घेऊन ओळीने चार सामने घालवले होते. युरोपातले उंच गडी नाजूक, ऐनवेळी कच खातात, हा शिक्का त्याच्यावर पक्का बसला.

यात त्याचा शॉटही आलाच. सात फुटी माणसाने बास्केटखाली धक्काबुक्की करायची ही तेव्हाची रीत. वुर्झबुर्गचा हा पोरगा मात्र लांबून शॉट मारायचा. त्याला घडवलं होल्गर गेश्विंडनरने. हा गृहस्थ 1972 च्या ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला, पण डोकं गणितात. चेंडू कोणत्या कोनातून सोडला की थोडी चूक झाली तरी आत जाईल, याचा त्याने चक्क हिशेब मांडला होता. एका पायावर मागे झुकत मारलेला तो प्रसिद्ध शॉट, फेडअवे, दिसायला बेढब; पण वर घेतलेल्या गुडघ्यामुळे अडवणारा जवळ येऊ शकत नाही, आणि मागे झुकलेल्या सात फुटी माणसाच्या हातातून सुटलेला चेंडू गाठणार कसा? लेब्रॉन जेम्स आणि केविन ड्युरांट या बड्या खेळाडूंनीही पुढे तो शॉट उचलला.

आता 2011 ची अंतिम फेरी. समोर पुन्हा मायामी, यावेळी लेब्रॉनसकट. सहाव्या सामन्याच्या पहिल्या हाफमध्ये डर्कचे 12 पैकी 11 शॉट हुकले. संघातला जेसन टेरी भन्नाट खेळत होता (त्याने 27 गुण केले) म्हणून निभावलं, नाहीतर जुना शिक्का पुन्हा उमटलाच असता. पण डर्क तेच शॉट मारत राहिला. दुसऱ्या हाफमध्ये त्याचे 18 गुण, डॅलसने सामना 105-95 असा जिंकला आणि विजेतेपदही.

एकाच क्लबकडे 21 सीझन आणि 31,560 गुण हेही आहेच, पण मला आठवतो तो त्या सामन्याच्या शेवटचा क्षण. सामना संपता संपता हा माणूस स्कोअररचं टेबल ओलांडून थेट ड्रेसिंग रूममध्ये पळाला. बाकीचे कोर्टवर नाचत होते, आणि हा आत एकटाच रडत होता. ट्रॉफी घ्यायला त्याला समजावून बाहेर आणावं लागलं.