चार गोल झाले, तरी पुढे खेळायचं?

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांखालील फुटबॉल संघात खेळतो. परवा गटातल्या सामन्यात त्यांचा संघ 4-0 ने पुढे होता, तरी प्रशिक्षक बाहेरून ‘अजून एक, अजून एक’ म्हणून ओरडत होते. समोरचा गोलकीपर रडकुंडीला आला होता. जिंकणं पक्कं झाल्यावर असं चेपत राहणं बरं दिसतं का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, समोरच्या पोरासाठी तुमचा जीव तुटला, याचं मला मोल वाटतं. तरी प्रशिक्षकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सामना गटातला होता ना? मग पाचवा गोलही हिशेबात येतो.

सप्टेंबर 2019. आशियाई सोळा वर्षांखालील स्पर्धेची पात्रता फेरी, भारताचा गट ताश्कंदला. यजमान उझबेकिस्तान, बहरीन, तुर्कमेनिस्तान आणि आपण. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. पोरांनी तुर्कमेनिस्तानला 5-0 हरवलं, बहरीनलाही 5-0. शेवटची गाठ उझबेकिस्तानशी, त्यांच्याच मैदानावर. आपण आधी गोल केला, यजमानांनी तो उशिरा फेडला. 1-1. दोघांचे सात-सात गुण. आशियाई स्पर्धांत गुण सारखे झाले की आधी त्या दोघांचा आपसातला सामना बघतात. तोच बरोबरीत सुटलेला, म्हणून गटातला एकूण गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. आपला होता अधिक दहा, आणि गट आपण जिंकला! हा फरक शेवटच्या दिवशी जमवता येत नाही. तो आधीच्या सामन्यांत, जिंकणं पक्कं झाल्यावरच जमतो. (पुढे करोनामुळे बहरीनमध्ये होणारी मुख्य स्पर्धाच रद्द झाली. त्या पोरांना तिथे खेळायला मिळालं नाही, याची हळहळ मला अजून आहे.)

पण नुसत्या गोलांवर विसंबूनही चालत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सतरा वर्षांखालील पात्रता फेरीत, थायलंडमध्ये, आपण ब्रुनेईला 13-0 हरवलं, तुर्कमेनिस्तानला 1-0. शेवटी थायलंडकडून 2-3 हरलो आणि सहा गुणांवर अडकलो. दहा गटांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी पाचच पुढे जाणार होते, त्यांत आपण बसलो नाही. एक पराभव महागात पडला, ते तेरा गोल कामी आले नाहीत.

तेव्हा मुलाला गोल मारू द्या, पण नाचू नको म्हणावं. चेंडू जाळीतून काढायचा, पळत मध्यावर नेऊन ठेवायचा. सामना संपला की सगळ्यांत आधी त्या गोलकीपरपाशी जाऊन हात मिळवायचा. समोर अर्धवट खेळून पोरांना खेळवत बसणं मला जास्त अपमानाचं वाटतं. रडणाऱ्या पोरालाही ते कळतं.

बाद फेरीत मात्र 1-0 आणि 6-0 सारखंच. मी लहान पोरांना शिकवायचो तेव्हा अशा सामन्यात चौथ्या गोलानंतर स्ट्रायकरला बाहेर घेऊन बाकावरच्या पोरांना उतरवायचो. तीही घरून डबा घेऊन खेळायलाच आलेली असतात.

आणखी एक करा. स्पर्धेचं नियमपत्रक मागून घ्या. आपसातला सामना आधी बघतात की गोलफरक, हे त्यात असतं. लहान मुलांच्या काही स्पर्धांत एका सामन्यातला ठरावीक गोलांपुढचा फरक धरतच नाहीत. तुमच्याकडे तसा नियम असेल, तर त्या आकड्यानंतर प्रशिक्षकांना ओरडायचं काही कारण नाही, आणि ते त्यांना सामन्याआधीच सांगा.