दिव्यांग कर्मचारी आणि मालकाला मिळणाऱ्या सवलती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा पॅकेजिंगचा कारखाना असून 35 कामगार आहेत. दिव्यांग कामगार ठेवल्यास मालकाच्या वाट्याचा पीएफ सरकार भरते, असे ऐकले. त्या हिशेबाने दोघांना घ्यावे का?

उत्तर : आपण ऐकले ते 2008 सालच्या केंद्रीय योजनेविषयी असावे. दरमहा 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याच्या पीएफ व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांमधील मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकारने भरावा, असे तिचे मूळ स्वरूप होते. ती आजही त्याच रूपात मिळेल याची खात्री नसल्याने तिच्या भरवशावर खर्चाचे गणित मांडू नये. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 35 मध्ये, मनुष्यबळात किमान 5 टक्के दिव्यांग असावेत म्हणून खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे; परंतु ते सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत द्यायचे असल्यामुळे केवळ त्या कलमावर बोट ठेवून ठरावीक रक्कम मागता येत नाही.

प्रत्यक्ष हाती पडू शकेल अशी रक्कम प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत आहे. ती केवळ दिव्यांगांसाठी नाही, मात्र त्यांनाही लागू आहे. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्या तीत धरल्या जातात. आपल्याकडे 50 पेक्षा कमी कामगार असल्याने किमान दोन जण वाढवावे लागतील आणि ते निदान सहा महिने टिकायला हवेत. पीएफसाठीचे वेतन 10,000 च्या वर व 20,000 पर्यंत असेल, तर माणशी दरमहा 2,000 रुपयांपर्यंत, दोन वर्षे मिळतात. उत्पादन क्षेत्राला तिसऱ्या व चौथ्या वर्षीही लाभ आहे. सोडून गेलेल्यांच्या जागी घेतलेली माणसे मात्र वाढीव धरली जात नाहीत. काम असेल तर दोघांना अवश्य घ्या, पण अनुदान थांबल्यावरही त्यांचा पगार परवडेल याची खात्री आधी करून घ्या.

प्रश्न : मिहानमधील आमच्या कंपनीत पायाने 60 टक्के दिव्यांग असलेल्या सहकाऱ्याचा पगार 20,500 वरून 23,000 झाला. सल्लागाराने त्याला ईएसआयमधून वगळले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ईएसआयची सर्वसाधारण वेतनमर्यादा 21,000 रुपये असली, तरी दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ती 25,000 आहे. त्याला वगळून कंपनीचे 3.25 टक्के वाचतील, पण त्याच्या घरच्यांचे उपचाराचे छत्र जाईल. ही दुरुस्ती याच महिन्यात करावी.

त्याचे पगारपत्रकही एकदा पाहावे. तिथे ‘पी.टी. 200’ (पी.टी. म्हणजे व्यवसाय कर) अशी ओळ दिसली, तर ती कपातही चुकीची आहे. महाराष्ट्रात 40 टक्के किंवा अधिक कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्या व्यक्तीला व्यवसाय करातून सूट आहे. फेब्रुवारीचे 300 धरून वर्षाला 2,500 रुपये होतात. प्रमाणपत्राची प्रत पगार विभागाकडे पोहोचलेलीच नसते आणि संगणक सर्वांची सरसकट कपात करतो, त्यामुळे ही चूक सहज घडते. मालकाच्या सवलतींची चौकशी करणाऱ्यांनी आधी कर्मचाऱ्याच्या हक्काचे पैसे त्याला मिळतात की नाही हे तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आयकरात दिव्यांग कर्मचारी ठेवल्याची वेगळी वजावट आहे का? (एक लेखापाल, सीताबर्डी)

उत्तर : वेगळी नाही. 1961 च्या आयकर कायद्यातील (1 एप्रिल 2026 पासून त्याच्या जागी 2025 चा कायदा) कलम 80जेजेएए ची वजावट कोणत्याही वाढीव कर्मचाऱ्यासाठी आहे : वाढीव वेतनखर्चाच्या 30 टक्के, तीन वर्षे. वेतन दरमहा 25,000 पर्यंत, भरणा बँकेमार्फत, पीएफमध्ये सहभाग, वर्षात किमान 240 दिवस काम आणि व्यवसायाला कर लेखापरीक्षण लागू असणे, या अटी आहेत.

प्रश्न : कर्णबधिर कामगाराला यंत्रावर ठेवायचे आहे. बदलांचा खर्च कोणी करायचा?

उत्तर : मालकानेच, आणि तो बहुधा वाटतो तितका नसतो. भोंग्याच्या जोडीला यंत्राजवळ, त्याच्या नजरेच्या टप्प्यात, लुकलुकणारा लाल दिवा बसवावा आणि पाळी बदलताना तोंडी दिल्या जाणाऱ्या सूचना फळ्यावर लिहाव्यात. दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी असलेल्या नागपुरातील संमिश्र प्रादेशिक केंद्राशी आधी बोललात तर बरे. आपल्याकडे 20 किंवा अधिक कर्मचारी असतील, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 21 खालील समान संधी धोरणात या सोयी, दिव्यांगांसाठी योग्य अशी पदे आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख करावा व धोरणाची प्रत पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.